डोळ्यांची सूज उतरवणारे थेंब: कसे घालायचे, किती दिवस घालायचे

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला घरी सोडताना थेंब समजावून सांगायचं काम मी बरीच वर्षं केलं. टेबलावर तीन बाटल्या, एक चिठ्ठी, समोर काळा चष्मा लावलेले आजोबा नाहीतर आजी, आणि शेजारी उभा मुलगा किंवा सून. मी एकेक बाटली हातात घेऊन सांगत जायचे. सगळं सांगून झालं की एक प्रश्न हमखास यायचा, "ताई, डोळा लाल नाही राहिला तर थेंब बंद केले तर चालतील ना?" आणि त्यामागून, जरा आवाज खाली आणून, दुसरा, "उरलं औषध तर ठेवून देतो. घरात कुणाचे डोळे आले तर होईल उपयोग."

औषध वाया जाऊ नये, ही आपल्या घरांतली चांगली सवय आहे. म्हणूनच या प्रश्नांना नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. कारण कळलं की माणूस आपणहून जपतो. ते कारण एका वाक्यात सांगता येतं: हे थेंब डोळ्याला आराम देतात, पण सूज ज्यामुळे आली ते मूळ घालवत नाहीत, आणि कधी कधी ते मूळ झाकून ठेवतात. लाली गेली, टोचणं थांबलं, की आपल्याला वाटतं झालं, डोळा बरा झाला. नेमक्या याच भरवशावर माणसं नजर गमावून बसलेली मी पाहिली आहेत.

कालवा आणि चारी

डोळ्याला चिरा दिला, धूळ किंवा कुसळ गेलं, जंतू शिरले, की तिथल्या पेशींच्या आवरणातून एक स्निग्ध आम्ल सुटतं. त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, शिवाय सूज आणणारी आणखी बरीच द्रव्यं तयार होतात. रक्तवाहिन्या फुगतात म्हणून डोळा लाल दिसतो. त्यांतून पाणी झिरपतं म्हणून तो सुजतो. मज्जातंतू हुळहुळे होतात म्हणून दुखतो आणि उजेड सोसत नाही. सूज म्हणजे शरीराची दुरुस्तीची आणि बंदोबस्ताची धावपळ. ती हवीच असते, फक्त डोळ्यासारख्या नाजूक जागी ती जास्त झाली तर दुरुस्तीपेक्षा नुकसानच अधिक होतं.

ही धावपळ आवरायला दोन जातीची औषधं आहेत. समजायला सोपं म्हणून कालवा डोळ्यासमोर आणा. स्टिरॉइडचे थेंब कालव्याचं मुख्य गेटच बंद करतात, ते स्निग्ध आम्ल सुटण्याच्या आधीच. त्यामुळे सुजेची जवळजवळ सगळी शेतं कोरडी पडतात. दुसऱ्या जातीचे थेंब स्टिरॉइड नसलेले, म्हणजे आपण अंगदुखीवर गोळी घेतो त्या कुळातले. ते फक्त एक चारी बंद करतात, प्रोस्टाग्लँडिनची. पहिल्या कुळाच्या शोधाबद्दल हेन्च, केन्डॉल आणि राइखस्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. दुसऱ्या कुळातली अ‍ॅस्पिरिन काम कशी करते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर विभागून मिळालं. दोन्ही औषधं माणसाला मिळालेली मोठी देणगी आहेत, यात मला शंका नाही. डोळ्याच्या आतल्या सुजेत, म्हणजे युव्हायटिसमध्ये, स्टिरॉइडचे थेंब वेळेवर मिळाले नाहीत तर बाहुली भिंगाला चिकटून बसते. त्यामुळे "स्टिरॉइड" हा शब्द ऐकून थेंब घालायचेच टाळणं, हेही तितकंच घातक.

मुख्य गेट बंद केल्याची किंमत मात्र द्यावी लागते. त्याच पाण्यावर शरीराचा बंदोबस्तही चालत असतो. जंतूंशी लढणं मंदावतं, जखम भरायला वेळ लागतो.

तुमच्या हातातली बाटली कोणत्या जातीची आहे, ते ओळखायला कंपनीनं दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव उपयोगाचं नाही. टोपणाच्या रंगावरही जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. बारीक अक्षरातला घटक वाचा, लागलं तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचा. प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी "लोन" किंवा "सोन"वर संपणारी नावं स्टिरॉइडची. लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट हीही त्यांचीच भावंडं, फक्त शेपूट वेगळं. किटोरोलॅक, नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, डायक्लोफेनॅक ही "लॅक" आणि "नॅक"वाली दुसऱ्या कुळातली, आणि फ्लुरबिप्रोफेनही त्यांच्यातलंच.

खरी गफलत होते ती मिश्र थेंबांत. एकाच बाटलीत जंतुनाशक आणि स्टिरॉइड: मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन, टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन, अशा जोड्या. साध्या जंतुनाशकाचं जे नाव, त्याच नावापुढे एखादं-दोन अक्षरं जास्त, की झाली स्टिरॉइडची बाटली. खोकी जवळजवळ सारखीच. दुकानात घाईत ते अक्षर राहून जातं, आणि घेणाऱ्यालाही वाटतं, आपण तर साधा जंतूंचा ड्रॉप घेतोय.

लॅमिनेट केलेली चिठ्ठी

एका उन्हाळ्यात एक वडील सातवीतल्या मुलाला घेऊन आले. मुलगा आत येताना दाराच्या चौकटीला खांदा घासून आला. वडिलांनी खिशातून चिठ्ठी काढली. ती त्यांनी लॅमिनेट करून घेतली होती, सारखी घडी घालून फाटू नये म्हणून. दर उन्हाळ्यात मुलाच्या डोळ्यांना खाज सुटायची, लाल व्हायचे, तो चोळत बसायचा. तीन वर्षांपूर्वी एकदा डॉक्टरांनी थेंब दिले, दोन दिवसांत फरक पडला. तेव्हापासून खाज सुटली की मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवायची आणि बाटली आणायची. मी चिठ्ठी उजेडात धरून वाचली. औषधाच्या नावापुढे लिहिलं होतं, "१५ दिवस". औषध डेक्सामेथासोन.

मुलाच्या दोन्ही डोळ्यांतला दाब खूप वाढलेला निघाला. समोरचं तो व्यवस्थित वाचत होता, बाजूचं दिसणं गेलं होतं. चौकटीला खांदा लागला तो त्यामुळे. त्या वडिलांनी निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू नये. त्यांनी चिठ्ठी जिवापाड जपली होती. त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं की ही चिठ्ठी पंधरा दिवसांनी संपते.

हे का होतं, ते समजून घ्या. डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर पडतं. तयार होणं आणि निघून जाणं यांच्या मेळातून डोळ्याचा दाब ठरतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. स्टिरॉइडमुळे काही लोकांच्या डोळ्यांत ही जाळी तुंबते, मोरीची जाळी तुंबावी तशी. नळ चालूच, बाहेर जायला वाट नाही, मग आतलं पाणी दाब वाढवत राहतं. हा दाब डोळ्यामागच्या नसेवर पडतो आणि नसेचे तंतू मरत जातात. हाच काचबिंदू. याची वाईट गोष्ट अशी की दुखत नाही. लाली नाही, पाणी नाही, समोरची नजर शाबूत. उलट थेंबांमुळे खाज गेलेली असते, म्हणून डोळा आधीपेक्षा बरा वाटतो.

सगळ्यांना असं होत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत आर्मली आणि बेकर या डॉक्टरांनी लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टिरॉइडचे थेंब घालून दाब मोजला. शंभरातल्या पाच-सहा जणांचा दाब धोकादायक वाढला, साधारण एक तृतीयांश लोकांचा मध्यम वाढला, उरलेल्यांचा फारसा नाही. आपण या तिघांतले कोण, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, दाब मोजल्यावरच कळतं. घरात कुणाला काचबिंदू असेल, स्वतःला मधुमेह किंवा चष्म्याचा मोठा उणे नंबर असेल, तर शक्यता वाढते. मुलांच्या डोळ्यांत दाब मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो. मोठ्यांत तो बहुधा दोन ते सहा आठवड्यांत चढतो. म्हणून स्टिरॉइडचे थेंब दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालणार असतील तर दाब मोजायची तारीख विचारूनच दवाखान्यातून बाहेर पडा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

थेंब वेळेत बंद केले तर दाब बहुतेकांचा काही आठवड्यांत उतरतो. मेलेले तंतू मात्र परत येत नाहीत. महिनोन्महिने थेंब चालले तर भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही धरतो, मुलांनासुद्धा. फ्लोरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल दाब कमी वाढवतात, म्हणून डॉक्टर अनेकदा ती निवडतात. पण "सौम्य स्टिरॉइड" म्हणजे बिनधास्त घालायचं औषध, असा अर्थ काढू नका.

उन्हाळ्यातली ती खाज बहुधा अ‍ॅलर्जीची असते. मुलग्यांत जास्त दिसते आणि वयात येताना बऱ्याच जणांची आपोआप ओसरते. म्हणजे काढायची असतात ती मधली पाच-सात वर्षं. थंड पाण्याच्या घड्या, डोळे न चोळणं, उन्हाधुळीत गॉगल, ओलोपॅटाडिनसारखे अ‍ॅलर्जीचे थेंब, आणि जास्त त्रास असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. यांतल्या काहींचा गुण यायला वेळ लागतो. दोन दिवसांत फरक दाखवणारं औषध हातात असताना आईबापांना ही वाट पाहणं जड जातं, हे मला माहीत आहे. तरी मुलाला कोणी थेंब दिले की आधी एवढं विचारा, "यात स्टिरॉइड आहे का, आणि असेल तर किती दिवस?"

डोळे आले की

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे आले आणि बघता बघता राज्यभर साथ पसरली. त्या दिवसांत मेडिकलसमोर रांगा लागायच्या आणि मागणी एकच, "डोळे आल्याचा ड्रॉप द्या." अशा साथी विषाणूंच्या असतात. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक डोळे आपापले बरे होतात, थंड घड्या आणि स्वच्छता पुरते. स्टिरॉइडची मिश्र बाटली घातली तर लाली दुसऱ्याच दिवशी उतरते, माणूस खूश होतो, आणि विषाणू मात्र डोळ्यात जास्त दिवस मुक्काम करतो. साथ ओसरल्यावर काहींच्या बुबुळावर बारीक पांढरट ठिपके उरतात आणि धुरकट दिसतं. तेव्हा डॉक्टर विचार करून स्टिरॉइड देतात. तो निर्णय त्यांचा.

यापेक्षा भयंकर प्रकार नागिणीच्या नातेवाईक विषाणूचा, हर्पिस सिम्प्लेक्सचा. एक डोळा लाल, थोडं टोचतं, पाणी येतं, बघणाऱ्याला वाटतं डोळा आलाय. डॉक्टर पिवळ्या रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहतात तेव्हा बुबुळावर हिरवी चमकणारी बारीक फांदी दिसते. त्या फांदीला स्टिरॉइड म्हणजे खतपाणीच. दोन दिवस आराम आणि मग बुबुळभर पसरलेली जखम.

आणि शेतावरचे डोळे. ऊस तोडताना पाचट लागतं, मळणीत ज्वारीचं कुसळ किंवा भाताचं तूस उडतं. ओल्या पाल्यापाचोळ्याबरोबर बुरशी बुबुळात रुजते. आपल्याकडे बुबुळाच्या जखमांत बुरशीचा वाटा मोठा आहे. तिचं औषध वेगळं, नॅटामायसिन, तेही सुरुवातीला तासातासाला घालावं लागतं. गावातल्या दुकानातून मिळालेली मिश्र बाटली घातली की दुखणं उतरतं, माणूस परत कामाला लागतो, आणि बुरशी खोल जात राहते. आठ-दहा दिवसांनी डोळ्यावर पांढरा डाग घेऊन माणूस येतो. "फूल पडलंय" म्हणतात ते हेच. वेळेवर आला असता तर कदाचित औषधानं भागलं असतं, आता बुबुळ बदलावं लागतं.

जखम जीवाणूंचीच आहे हे तपासून सिद्ध झालं तरी स्टिरॉइडनं फायदा होतो का, यावर मोठी चाचणी झाली आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारत आणि अमेरिकेतल्या केंद्रांत ५०० रुग्ण घेतले गेले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले. आधी ४८ तास जंतुनाशक देऊन मगच स्टिरॉइड सुरू केलं होतं, तरी तीन महिन्यांनंतरच्या नजरेत एकूण पाहता फरक आढळला नाही. तज्ज्ञांच्या हातात, जंतू ओळखून, देखरेखीखाली ही स्थिती. घरात ठेवलेल्या उरलेल्या बाटलीवर किती भरवसा ठेवायचा, ते यावरून ठरवा.

दुसरं कूळ

किटोरोलॅक, नेपाफेनॅकसारखे थेंब दाब वाढवत नाहीत, म्हणून ते अगदी निरुपद्रवी असा समज आहे. मोतीबिंदूच्या वेळी ते दोन कामांसाठी देतात. ऑपरेशनच्या आधी घातले की ऑपरेशन चालू असताना बाहुली आक्रसत नाही. नंतर घातले की दुखणं कमी होतं आणि पडद्याच्या मध्यभागी पाणी साठून सूज येण्याचा धोका घटतो. ही सूज ऑपरेशननंतर बऱ्याचदा चार-सहा आठवड्यांनी उगवते, म्हणजे सगळं छान झालं असं वाटत असताना. मधुमेह असणाऱ्यांना हा धोका जास्त, म्हणून त्यांना डॉक्टर हे थेंब कधी जास्त दिवस देतात. नेपाफेनॅक ०.१ टक्क्याचं असेल तर दिवसातून तीनदा, ०.३ टक्क्याचं असेल तर एकदाच. दुकानदारानं एकाच्या जागी दुसरं दिलं तर वेळाही बदलायला हव्यात, हे पुष्कळदा सुटून जातं.

हे थेंब घातल्यावर थोडं चुरचुरतं, ते चालतं. जपायचं ते बुबुळाला. या औषधांनी बुबुळाची जाणीव बोथट होते आणि जखम भरणं मंदावतं. फार क्वचित बुबुळ विरघळल्यासारखं पातळ होत जातं आणि भोक पडतं. फार कोरडे डोळे, संधिवात, मधुमेह, थोड्या दिवसांत त्याच डोळ्यावर दुसरं ऑपरेशन, अशा माणसांत हा धोका अधिक. ऑपरेशननंतर ठरलेल्या मुदतीपलीकडे, बहुधा दोन आठवड्यांपलीकडे, स्वतःच्या मनानं घालत राहिलं तरी तो वाढतो. अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळीनं कधी दमा उठला असेल, अंगावर गांध्या आल्या असतील, तर डोळ्याच्या डॉक्टरांना ते जरूर सांगा. डोळ्यात टाकायचं औषध आणि दम्याचा काय संबंध, असं वाटून लोक सांगत नाहीत. संबंध आहे, तो थेंब घशापर्यंत कसा पोचतो ते खाली येतंच आहे. गरोदर असाल तर तेही सांगा, शेवटच्या महिन्यांत हे थेंब टाळतात.

सहा, पाच, चार, तीन, दोन, एक

आता पहिला प्रश्न, लाली गेली तर बंद का करायचे नाहीत. मुख्य गेट तुम्ही थेंबांनी दाबून धरलंय. आत जखम अजून भरतेय, पाणी मागे तुंबून उभं आहे. गेट एकदम सोडलं तर लोंढा येतो, सूज पहिल्यापेक्षा जोरानं परतते. म्हणून थेंब पायरीपायरीनं उतरवतात. आपल्याकडे बरेच डॉक्टर मोतीबिंदूनंतर पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, दुसरा पाच वेळा, असं सहाव्या आठवड्यात एकदावर आणतात. कुणी चार आठवड्यांत उतरवतात. तुमच्या चिठ्ठीवर जे आहे तेच तुमचं, शेजारच्या काकूंच्या चिठ्ठीशी ताडून पाहू नका.

यात एक हिशेब आहे, तो मी प्रत्येकाला कागदावर मांडून द्यायचे. सहापासून एकपर्यंत उतरताना एका डोळ्याला ४२, ३५, २८, २१, १४ आणि ७ असे मिळून १४७ थेंब लागतात. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० ते ३० थेंब, म्हणजे ५ मिलिलिटरच्या बाटलीत १०० ते १५०. गालावर ओघळलेले धरले तर एक बाटली सहसा पुरतच नाही. शिवाय उघडलेली बाटली महिन्यानं टाकून द्यायची असते. पण बाटली संपली की लोकांना वाटतं, कोर्स संपला. चौथ्या-पाचव्या आठवड्यात डोळा पुन्हा लाल झाला म्हणून आलेल्या किती जणांना मी विचारलं आणि उत्तर हेच मिळालं, "औषध संपलं म्हणून थांबलो." तेव्हा बाटली हलकी लागू लागली की दुसरी आणून ठेवा.

थेंब घालताना

सगळ्यांत आधी बाटली हलवायची की नाही ते पाहा. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट, लोटेप्रेडनॉलचे थेंब, नेपाफेनॅक ही दुधाळ औषधं आहेत. औषधाचा बारीक कण तळाशी बसतो. न हलवता घातलं तर सुरुवातीचे आठवडे नुसतं पाणी आणि शेवटी सगळं औषध एकदम. चांगली हलवा, नुसती एकदा उलटी-सुलटी करून भागत नाही.

हात साबणानं धुवा. खुर्चीत मान मागे टाकून बसवा, किंवा सरळ आडवं निजवा, म्हाताऱ्या माणसांना ते सोपं पडतं. खालची पापणी बोटानं हळूच खाली ओढली की आत एक खोबण तयार होते. वर छताकडे बघायला सांगा आणि खोबणीत एक थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नका. लागलं तर तिथले जंतू बाटलीत शिरतात, आणि तुम्ही रोज तेच औषध जखमेच्या डोळ्यात घालत राहता. स्वतःच घालणार असाल आणि हात कापत असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा. तरीही जमत नसेल तर निजून डोळा मिटा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि डोळा उघडा, औषध आपोआप आत उतरतं.

एकच थेंब. एका थेंबात ०.०३ ते ०.०५ मिलिलिटर औषध असतं आणि त्या खोबणीत जास्तीत जास्त ०.०३ मिलिलिटर मावतं, तेही तिथे आधीच थोडं अश्रूंचं पाणी असतं. दुसरा थेंब गालावरच जाणार.

मग डोळा हलकेच मिटा, घट्ट आवळू नका, मिचकावू नका. नाकाच्या हाडालगतच्या कोपऱ्यावर बोटाच्या टोकानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तिथे अश्रूंची बारीक मोरी आहे, ती नाकात आणि तिथून घशात उघडते. थेंब घातल्यावर घशाला कडवट चव येते ती याच वाटेनं. दाबून धरलं की औषध डोळ्यात राहतं आणि अंगात कमी जातं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याच्या बुबुळावर मात्र जराही भार येऊ देऊ नका, बोट नाकाच्या हाडावरच हवं.

दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. आधी पाण्यासारखे, मग दुधाळ, शेवटी मलम. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती काढून थेंब घाला आणि पंधरा मिनिटांनी लावा, कारण बाटलीतलं परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारं द्रव्य, लेन्समध्ये मुरतं. डोळ्याला सूज असताना लेन्स न वापरणंच बरं.

रात्री दिवा लावूनच घाला. कानाच्या थेंबाची बाटली अगदी अशीच दिसते आणि डोळ्यात गेली तर आग होते. माझ्या माहितीतल्या एका घरी दोन्ही बाटल्या एकाच वाटीत होत्या आणि आजींना रात्री एकला नळाखाली धरावं लागलं. दोन वाट्या करा, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा.

थेंब चालू असताना डोळा दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर आधीपेक्षा मंदावली, उजेड सोसेनासा झाला, समोर नव्यानं काळे ठिपके तरंगू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा, रात्र असली तर रात्री. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर तासांचा हिशेब असतो. जाताना घरातल्या डोळ्याच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. "पांढऱ्या टोपणाचा होता" यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

बाटली उघडली त्या दिवशीच बॉलपेननं लेबलवर तारीख लिहा. लेबलवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं असेल तर विदर्भातल्या मे महिन्यात कपाटही गरम पडतं. तेव्हा फ्रीजच्या दारात ठेवा, पण गोठू देऊ नका, गाडीत तर ठेवूच नका. महिना झाला की आत कितीही औषध दिसत असलं तरी टाकून द्या. आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात असेल तर पहिल्या डोळ्याची उरलेली बाटली त्यासाठी राखून ठेवू नका. त्या डोळ्याला नवी चिठ्ठी आणि नवी, सीलबंद बाटली लागते.